पुलावरची हाक

गाडी दारात आहे तोवर लेकरू आपलं नाही, असं मंजुश्रीच्या मनानं घेतलं होतं. दुबलगुंडीतल्या त्यांच्या घरामागं पत्र्याच्या शेडात रॅलीची गाडी उभी होती. चिकमगळूरच्या शर्यतीत ती दरीत गेली तेव्हा चालवत होता मंजुश्रीचा नवरा नागेंद्र, आणि डावीकडं बसून वळणं वाचून दाखवत होता धाकटा दीर बसवेश. नागेंद्र वाचला. बसवेश गेला. पुढं मंजुश्रीला मुलगा झाला तेव्हा सासूनं, सिद्धव्वानं, पाळण्यात त्याच्या कानात बसवेश हेच नाव सांगितलं. मंजुश्रीच्या तोंडून ते निघेना. ती पोराला अप्पूच म्हणायची.

अप्पू आता हिंडता-बोलता झाला होता. अलीकडं जेवायला बसला की घास हातात घेऊन शेडाकडं पळायचा. काकाला विचारून येतो म्हणायचा.

कोइमतूरच्या एका रॅली-संघानं गाडी विकत मागितली तेव्हा नागेंद्र एवढंच बोलला, की न्यायची तर न्या, मला शेडात बोलवू नका. ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करणं मंजुश्रीच्या गळ्यात आलं. बी.एस्सी. झालेली बाई, पण त्यांच्या प्रश्नांनी जेरीस आली. गाडी चालू की बंद? पोट जमिनीपासून किती वर? साध्या फळीवर चढवली तर खालून घासायची, तेव्हा लांब उताराची ट्रॉली हवी, तीही झाकलेली. कलबुर्गीच्या एजंटानं चारी बाजूंनी फोटो मागितले. तिनं पाठवले, आणि लगेच त्याचा फोन आला.

"मॅडम, गाडी रिकामी करून फोटो काढा. डावीकडं कोण बसलंय?"

ती धावतच गेली. डाव्या सीटवर अप्पू होता, छातीवरून पट्टा ओढून घेतलेला. तिनं त्याला उचललं, दोन शब्द रागावली. घरात आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की बसलेल्या अप्पूचं डोकं काचेपर्यंत पोचतच नव्हतं. तो फोटो तिनं न उघडताच पुसून टाकला.

ट्रॉली घेऊन ड्रायव्हर वीरण्णा आला. तारेनं ओढून त्यानं गाडी वर चढवली. तो चाकांना पट्टे आवळत असताना सिद्धव्वा भिंत धरत बाहेर आली आणि त्याला कानडीत सांगू लागली. लेकाचा देह चिकमगळूरहून आणला तेव्हा वाटंत कुणी त्याला हाक मारली नव्हती, म्हणून तो देहासंगं न येता गाडीत बसून आला. आता गाडी जाईल तिथं तोही जाईल, खुशाल जावा. पण पूल आला की त्याला हाक मारायची, नाहीतर तो पाण्यापाशी अडकेल. वीरण्णाला यात काही नवल वाटलं नाही. त्यानं फक्त नाव विचारून घेतलं. मंजुश्रीचं सगळं लक्ष पट्ट्यांकडं होतं. एकदाची जायलीय, एवढंच तिला कळत होतं.

कमलापूरच्या पुढं पहिला पूल लागला तसा म्हातारीनं ऐकावं म्हणून वीरण्णानंच फोन लावला. मंजुश्रीनं स्पीकर चालू केला. आधी वाऱ्याचा आवाज आला, मग वीरण्णाचा.

"बसवेशा, पूल आलाय. उतरू नको. चल माझ्यासंगं."

"आलो," अप्पू म्हणाला. ताट सारून तो उठला आणि उंबऱ्याशी बसून चपला घालू लागला.

मंजुश्रीनं त्याला घट्ट धरून आतल्या खोलीत कोंडलं. मग फोन घेऊन एकटीच लांब विहिरीपाशी गेली. वीरण्णाला म्हणाली, की यापुढं एकाही पुलावर हाक मारायची नाही.

"अर्ध्या वाटंत सोडू न्हाई, अक्का. त्यो तितंच उतरंल."

"माझ्या लेकराचंबी नाव तेच हाय, अण्णा."

मग तो बरं म्हणाला.

भीमेचा पूल मुकाट्यानं गेला, कृष्णेचाही. सिद्धव्वानं विचारलं तेव्हा हाक मारली म्हणून मंजुश्रीनं सांगितलं. म्हातारीनं हात जोडले. पुढं गाडी कोइमतूरला पोचली, फोटो आला. डावी सीट रिकामी होती. मंजुश्रीनं तो फोटो मोठा करून करून पाहिला. अप्पू आता ताटावरून उठत नव्हता. नागेंद्रही इतक्या दिवसांनी मागच्या अंगणात येऊन बसू लागला. तिनं शेडाची फरशी घासून स्वच्छ धुतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पू तिला शेडात दिसला. तांब्यानं फरशीवर जरा जरा पाणी ओतत होता.

"कामून सांडायलास रे पाणी?"

"सांडायलो न्हाई. काकाचे पाय धुवायलोय. नदीपसून चालत आलाय."

पाणी तिच्या पायांपर्यंत वाहत आलं. गढूळ होतं. नदीकाठची काळी माती त्यात विरघळत होती.

तिनं पोराला आपल्या पाठीमागं ओढलं, तांब्या त्याच्या हातून घेतला आणि उरलेलं पाणी त्याच जागी हळूहळू स्वतःच ओतलं.