वारा घालायची पैज

पैज लागली ती पार्किंगमध्ये, पाच-सात शेजाऱ्यांच्या देखत. शाळेतून रिटायर झालेल्या आमच्या मास्तरांची गाडी पुन्हा तापली होती. बॉनेटमधून किटलीसारखी वाफ निघत होती आणि मास्तर तिला रुमालानं वारा घालत होते.

"सिग्नलला थांबली की तापते, धावत असली की बरी असते," त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या.

"मग पंखा गेला," मी म्हटलं. गाड्यांचं वायरिंग हा माझा धंदा, आणि खोड्या काढणं हा जोडधंदा. "धावताना समोरून वारा मिळतो, थांबल्यावर पंख्यानं द्यायचा. वय झालं, मास्तर. आज पंखा, उद्या गिअर."

"वय माझं झालंय, तिचं नाही! ती आपणहून बिघडत नाही. कुणीतरी काहीतरी केलंय."

"लावता पैज?"

"लावली! दोष तिचाच निघाला तर रविवारी जावई भंगारवाल्याला आणतोय, त्याला मी हो म्हणतो. दुसऱ्या कुणाचा निघाला तर गाडी राहते. आणि हरेल त्यानं गेटपाशी दुसऱ्याला अर्धा तास वारा घालायचा."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काकू तेवढ्या गाडीकडं बघत राहिल्या. पन्नाशी उलटल्यावर त्या याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. ही गेली की दुसरी काही दारात येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सकाळी इंजिन गार असताना मी हात घातला. चालू केलं, तापमानाचा काटा चढला, पंखा ढिम्म. एसी लावला की पंख्यानं लगेच फिरायला हवं; तरी ढिम्म. फ्यूज उडालेला. नवा बसवला, तोही फट्. शेवटी पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी दिल्या. पातं हललं नाही, जळका वास मात्र आला.

"मोटर गेली. म्हातारपण!" मी मास्तरांच्या खिडकीकडं बघून ओरडलो.

बोल्ट काढून पंखा चौकटीसकट वर उचलला. पातं आणि चौकटीच्या मध्ये अंगठ्याएवढं पिवळं रबरी बदक रुतून बसलं होतं.

ते मीच ठेवलेलं. गेल्या महिन्यात, बॉनेटच्या आत. खड्डा आला की "क्वॅक!" मास्तर तीन दिवस सीटखाली टॉर्च मारत फिरत होते. मग आवाज थांबला, मला वाटलं पडलं रस्त्यात कुठंतरी. कसलं पडतंय! पात्यात अडकलं, मोटर अडून अडून जळाली, जाताना फ्यूजलाही घेऊन गेली.

कुणी बघत नव्हतं. मी बदक मागच्या खिशात सरकवलं.

नवा पंखा बसवला, इंजिन तापू दिलं. काटा मध्यावर आला आणि पंखा घुर्र करून सुटला. जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं, ते चप्प चिकटलं. वारा बरोबर आत ओढला जात होता.

मास्तर लहान पोरासारखे हसले. मग हसू मावळलं. बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे दोष हिचाच. हरलो बाबा. दिला शब्द तो दिला. जाऊ दे हिला रविवारी."

काकू किल्लीच्या जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवायला लागल्या. ती निघता निघेना.

जिंकलेली पैज सोडायची म्हणजे माझ्या जिवावर आलेलं. पण त्या किल्लीकडं बघवेना. मी स्टूल ओढलं आणि दणकन बसलो.

"क्वॅक!"

मास्तरांची मान गर्रकन वळली. "ऊठ. आता पुन्हा बस."

बसलो. "क्वॅक!"

"अरे गाढवा! मी कान तपासून आलो डॉक्टरकडून!"

"आणि मी म्हणत होते, यांना भास होतात," काकू म्हणाल्या. किल्ली जुडग्यातच राहिली.

संध्याकाळी गेटपाशी मास्तर खुर्चीत पायावर पाय टाकून बसले, आणि मी नव्या पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा हलवत उभा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय झालं?"

"काही नाही," मास्तर सांगायचे, "पंखा बदललाय."

काकू गाडी घेऊन बाहेर पडल्या, आमच्यापाशी थांबल्या, आणि मला बघत निवांत हॉर्न वाजवला. वर बाल्कनीतून माझी बायको ओरडली, "अहो, जोरात घाला की! मास्तरांचा काटा अजून वरच आहे!"