दुसऱ्या कडव्यानंतरचा खोकला

दादा आणि धाकटी स्पर्धा हरले. नुसते हरले नाहीत, शेवटून पहिले आले. शेवटून दुसऱ्या आलेल्या बाई गाण्याचे शब्द विसरल्या होत्या आणि घाबरून त्यांनी त्याच चालीत स्वतःच्या घराचा पत्ता म्हणून दाखवला होता. त्यांनाही यांच्यापेक्षा जास्त गुण पडले.

थांबा, शेवट आधीच सांगून टाकला. तर हे झालंच नाही असं समजा. कोणी काही वाचलेलं नाही. अजून दुपार आहे, निकाल लागायचा आहे, आणि धाकटी चष्म्याच्या दुकानात एका आजींना समोरच्या फलकावरची अक्षरं वाचायला लावत असताना दादाचा फोन आलेला आहे.

"धाकटे, बसलीयेस का?"

"उभी आहे. गिऱ्हाईक बसलंय."

"मग त्यांना उठव आणि तू बस. डबल डेक. चालू स्थितीत. पहिलं बक्षीस."

धाकटी खरंच बसली. आजींच्या मांडीवर बसता बसता वाचली.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. आत्ताही तो कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मधून बोलत होता. "ऐकतेयस ना? सभागृहात नव्वदच्या दशकाची संध्याकाळ आहे. तेव्हाचं एक गाणं म्हणायचं, वाद्यांसकट, सगळं तोंडाने. समोर शब्द नाहीत. जो हुबेहूब म्हणेल त्याला डबल डेक टेपरेकॉर्डर. परीक्षकाने स्वतः वाजवून बघितलाय."

"आपलं गाणं म्हणायचं," धाकटी म्हणाली.

"मग काय, दुसऱ्याचं म्हणणार आहोत?"

आपलं गाणं म्हणजे पांढऱ्या शर्टातल्या पाच पोरांचं. ती पाच पोरं तेव्हा सगळीकडे होती. वह्यांच्या कव्हरवर, च्युइंगमच्या स्टिकरवर, धाकटीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला, कारण बाहेरच्या बाजूला लावायला आईची परवानगी नव्हती. पाचही जण वाऱ्यात उभे असायचे. कुठेही फोटो काढा, वारा सुटलेलाच.

ते गाणं विकत घ्यायचं नसतं, रेडिओवरून पकडायचं असतं, असा त्या घराचा रिवाज होता. दुपारच्या फर्माइशी गाण्यांच्या वेळी टेपरेकॉर्डर रेडिओसमोर तोंडाला तोंड लावून ठेवला जाई. जोडायची वायर होती, पण ती कशाची आहे हे कोणालाच आठवत नसल्यामुळे तिने खिडकीचं दार बांधलं होतं. मग पंखा बंद. नळ बंद. रेकॉर्ड आणि प्ले ही बटणं एकदम दाबायचं काम दादाचं, आणि घरच्यांना डोळे वटारून गप्प करायचं काम धाकटीचं. हातात पेपर असला तरी बाबांना पान उलटायची मुभा नव्हती. त्या काळातल्या जगाच्या बातम्या बाबांना कायमच्या अर्ध्याच माहीत आहेत.

सगळे नियम पाळायचे. फक्त आजोबांचा खोकला कोणाच्या बापाला ऐकायचा नाही. आणि ज्या दिवशी अखेर ते गाणं लागलं, त्या दिवशी दुसरं कडवं संपता संपता आजोबा खोकले. खोकून वर म्हणाले, "दार लावा रे, वारं येतंय."

हे सगळं टेपवर गेलं. आणि गाण्याच्या शेवटच्या ओळीवर, नेहमीप्रमाणे, निवेदक बोलला. "आणि आता ऐकू या बाजारभाव."

गाणं परत काही सापडलं नाही. म्हणून तेच ऐकलं. इतकं ऐकलं की पेन्सिल घालून रीळ फिरवता फिरवता कॅसेटचं भोक गुळगुळीत झालं, आणि खोकला गाण्यात मुरला. पुढे कधीतरी बुटांच्या दुकानात धाकटीने मूळ गाणं ऐकलं. दुसरं कडवं संपल्यावर ती एक पाय बुटात घालून थांबून राहिली. खोकला आलाच नाही. तिने दुकानदाराला सांगितलं, तुमचं गाणं अर्धवट आहे. त्याने बुटावर सूट दिली.

आजोबा गेले. त्यांचे फोटो आहेत, काठी आहे. आवाज मात्र त्या एकाच कॅसेटमध्ये आहे, आणि घरातला टेपरेकॉर्डर आतला पट्टा तुटून बंद पडलाय. दुरुस्तीवाला म्हणाला होता, "ताई, हा पट्टा आता जगात मिळत नाही. पँटचा देऊ?" दादाने जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्राने तर चाचणीची कॅसेट शेवयांसारखी बाहेर काढली. तेव्हापासून धाकटी आजोबांना पर्समध्ये घेऊन फिरते आणि कुठल्याही परक्या यंत्रात घालत नाही.

म्हणून डबल डेक हवा होता. बाकी काही नाही.

संध्याकाळी धाकटीने सभागृहात पाय ठेवला. चाळिशी उलटलेली अख्खी गर्दी तेव्हाच्या कपड्यांत आली होती. कपडे तेच होते, माणसं वाढली होती. कुठे खांद्यात पॅड, कुठे बुटांना भडक पोपटी लेस, कुठे धुऊन धुऊन ढगासारखी झालेली जीन्स, तिचं वरचं बटण देवाच्या भरवशावर. एक गृहस्थ जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटीत फुंकर मारून दाखवत होते आणि भोवती रांग लागली होती. ज्याला त्याला एकदा फुंकायचं होतं.

स्टेजवर डबल डेक. चकचकीत. धाकटीने त्याच्याकडे बघितलं तसं नवऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मग परीक्षक माइकवर बोलले, "नमस्कार मंडळी," आणि सगळ्यांच्या माना एकदम स्टेजकडे वळल्या.

"दादा," धाकटी कुजबुजली, "हा बाजारभाववाला आहे."

तोच होता. आता टक्कल होतं, पण आवाजाला एक केसही कमी झालेला नव्हता. निवेदकांनी कानाला हेडफोन लावला. त्यात मूळ गाणं वाजणार आणि ते ताडून बघणार.

दादा-धाकटीची पाळी आली. दादाने तोंडाने ढोल सुरू केले. लिफ्टच्या खड्ड्यात रोज सराव होतो, तिथे घुमतं चांगलं. धाकटीने पाचही पोरांचे आवाज एकटीने घेतले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मग दादा खोकला. ठरलं नव्हतं काही. जागा आली आणि खोकला आला. धाकटी लगेच सुरात म्हणाली, "दार लावा रे, वारं येतंय."

मागच्या रांगेतल्या एका बाईंनी जाऊन दार लावलं.

शेवटी दोघं मिळून, त्याच आवाजात, त्याच ठसक्यात: "आणि आता ऐकू या बाजारभाव."

निवेदकांनी हेडफोन काढला. "हे गाण्यात नाहीये."

"आहे," दादा म्हणाला.

"अहो, मूळ गाणं माझ्या कानात वाजत होतं."

"आमच्याही."

"आमच्यात तिथे कुत्रं भुंकतं," फुंकरवाले गृहस्थ म्हणाले.

"आमच्यात आई म्हणते, दूध उतू गेलं," दुसरीकडून कोणी.

"आमच्यात ताईला फटका बसतो. स्पष्ट ऐकू येतो. ताई, सांग ना."

"बसतो," ताई म्हणाली.

आता सगळेच बोलत होते. कोणाच्या गाण्यात दारावरची बेल, कोणाच्या गाण्यात शेजारच्यांचं भांडण, आणि भांडणाचं पुढे काय झालं हे त्या माणसाला आजतागायत कळलेलं नाही. पोपटी लेसवाला तर थेट स्टेजपाशी गेला. "साहेब, ते सगळं जाऊ द्या. शेवटी तुम्ही बोलता. प्रत्येक वेळी. आज सांगा, शेवटची ओळ काय आहे?"

निवेदकांनी हेडफोन टेबलावर ठेवला. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "मी बोलत असायचो. आज हे दोघं बोलले."

बक्षीस मिळालं दातांना तारा लावलेल्या कॉलेजातल्या एका मुलीला. तिने पाच पोरांचं तेच गाणं फोनवर ऐकून पाठ केलं होतं. स्वच्छ म्हणाली, शेवटच्या ओळीसकट. सभागृहाने ती ओळ जन्मात पहिल्यांदा ऐकली. दोन-तीन लोक म्हणाले, एवढ्यासाठी थांबलो होतो होय.

धाकटीने टाळ्या वाजवल्या. वाजवताना पर्स काखेत घट्ट धरली होती.

ती मुलगी डबल डेक दोन्ही हातांत घेऊन त्यांच्याचपाशी आली, कारण सर्वांत जास्त माहितगार हेच दिसत होते. "काका, याचा पासवर्ड काय असतो?"

दादाने धाकटीकडे बघितलं. धाकटीने पर्स उघडली.

"पासवर्ड नसतो," ती म्हणाली. "हे घालावं लागतं."

यंत्र स्टेजवर परत ठेवलं. धाकटीने पेन्सिलीने रीळ ताणून घेतलं, कॅसेट आत बसवली, आणि मागे वळून सभागृहाकडे डोळे वटारून बघितलं. पंखे बंद झाले. सांगावं लागलं नाही. निवेदकांनी हातातला कागद उलटायचं थांबवलं.

गाणं वाजलं. दुसरं कडवं संपलं. आजोबा खोकले. "दार लावा रे, वारं येतंय." नियम म्हणजे नियम, धाकटीने आवाज काढला नाही. मग बाजारभाव आले. इथे दादा नेहमी बंद करून टेप मागे न्यायचा. पण आज बटणांपाशी ती मुलगी होती, आणि तिला कुठलं बटण कशाचं हे माहीत नव्हतं.

टेप पुढे चालली. रेडिओची कळ खटकन बंद केल्याचा आवाज आला. आजोबांवर चिडण्याच्या नादात दादा त्या दिवशी रेकॉर्डिंग थांबवायलाच विसरला होता.

मग आजोबांचा आवाज आला, दबका, अगदी परवानगी मागितल्यासारखा. "झालं का गं तुमचं गाणं? आता खोकू?"

आणि एका लहान, फुगलेल्या मुलीचा. "खोका आता. हवं तेवढं."

आजोबा खोकले. उरलेलं सगळं गाणंभर अडवून धरलेलं ते एकदम सुटलं. काय खोकले. सभागृहात कोणी हललं नाही. खोकून झाल्यावर ते म्हणाले, "छान होतं हो गाणं," आणि टेप संपली, बटण आपलं आपण टक्कन वर आलं.

"परत लावू?" तारा लावलेल्या मुलीने विचारलं. "कसं लावतात?"

दादाने तिला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी, धाकटीने दुकानाच्या छापील कागदावर एक पत्र लिहिलं आणि त्या गाण्याची मूळ कॅसेट काढणाऱ्या, केव्हाच बंद पडलेल्या कंपनीच्या पत्त्यावर टाकलं:

"विषय: मूळ ध्वनिमुद्रणातील त्रुटी दूर करणेबाबत. महोदय, आपल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर खोकला (वृद्ध, पुरुष) व दार लावण्याविषयीची सूचना नजरचुकीने राहून गेली आहे. तरी पुढील आवृत्तीत सदर बाबींचा समावेश करण्यात यावा, आणि गाणे संपल्यावर संबंधितांस मनसोक्त खोकता येईल इतकी जागा कोरी सोडण्यात यावी, ही नम्र विनंती. बाजारभाव ठेवले तरी आमची हरकत नाही."