होदा डोंगर उतरते

दक्षिणेच्या रणरणत्या आबादान बंदरातल्या होदाने जन्मात बर्फ पाहिला होता तो फक्त सरबताच्या पेल्यात. तेहरानला इंजिनिअरिंग शिकायला आली तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्यावरून तिला भंडावून सोडलं. "होदा, तुमच्याकडे खजूर झाडावरच शिजतात म्हणे?" होदाही कच्ची नव्हती. थापा मारण्यात आबादानकरांचा हात इराणात कोणी धरू शकत नाही. "शिजतात ना," ती म्हणायची, "आम्ही फक्त काळा चष्मा लावून खाली तोंड उघडून उभे राहतो."

हसणाऱ्यांत अतूसा सगळ्यात पुढे असायची. पण थर्मोडायनॅमिक्स डोक्यावरून जायला लागलं तेव्हा हीच अतूसा रोज होस्टेलवर येऊन होदाच्या पलंगावर ठाण मांडायची. होदाने तिला एकेक गणित पुन्हा पुन्हा समजावलं, आवाज न चढवता. पास झाल्यावर अतूसा तिच्या गळ्यातच पडली. "होदाजान, आता मी तुझी मास्तरीण! या शुक्रवारी तुला स्की शिकवते. नाही म्हणायचं नाही हं."

शुक्रवारी अतूसाचा चुलतभाऊ बेहराद गाडी घेऊन आला. डोंगरावर पोचल्यावर भाड्याच्या बुटांत पाय कोंबतानाच होदाचा जीव अर्धा झाला. पायथ्याशी नवशिक्यांसाठी एक बुटका उतार होता. "पुढची टोकं जवळ आण, टाचा बाहेर ढकल, गुडघे वाकव. की वेग कमी होतो," अतूसा म्हणाली. होदा पडली, उठली, परत पडली. अतूसा दोनदा जांभई देऊन वरच्या शिखराकडे बघायला लागली.

"इथे रखडत बसून काही यायचं नाही. चल वर. उतरता उतरता आपोआप जमतं."

"मला नीट थांबताही येत नाही गं."

"मी आहे ना!"

तारेवरच्या पाळण्यातून वर उतरताना होदा तोंडावर आपटली. बेहराद मोबाइलवर ते टिपत होता. दोघं पोट धरून हसली, म्हणून होदाही हसली. पाहुण्याने तोंड पाडून कसं चालेल? मग अतूसा म्हणाली, "आम्ही एक फेरी मारून आलोच. हलू नकोस इथून." आणि दोघं भुर्रकन खाली गेली.

होदा थांबली. रिकामे पाळणे येत होते, भरलेले येत होते, पण ही दोघं काही आली नाहीत. वारा वाढला. बोटं बधिर झाली. शेवटी तिने फोन लावला.

"अगं, आम्ही खालीच आहोत," अतूसाच्या तोंडात घास होता. "कडधान्यांची दाट आश खातोय, गरमागरम! परत वर यायचा कंटाळा आला. तू ये ना हळूहळू, सोपं आहे."

होदाच्या कानशिलात रक्त उसळलं. पाळण्यावरचा माणूस म्हणाला, "खानम, वाऱ्यामुळे पाळणा बंद करतोय. घसरगाडी बोलावू? झोपवून नेतील खाली." आपण पोत्यासारख्या बांधलेल्या आणि समोर बेहरादचा मोबाइल, हे चित्र तिला दिसलं. "नको," ती म्हणाली.

ती निघाली आणि पहिल्या वळणालाच कोसळली. बर्फ कॉलरमधून पाठीत गेला. आबादानच्या बंदरावर ऐकलेल्या सगळ्या शिव्या तिने अतूसाला घातल्या, तिथेच बसून, मोठ्याने.

"जरा मलाही शिकव त्या," बाजूने आवाज आला. जांभळ्या जॅकेटमधल्या पन्नाशीच्या एक बाई बर्फात फतकल मारून बसल्या होत्या. "मला जमशीदला घालायच्यात."

"जमशीद कोण?"

"नवरा. 'मीहनदोख्त, गुडघे वाकव' म्हणाला नि गेला निघून. तुझं काय?"

"मैत्रिणीनं आणलं. ती खाली आश खातेय."

"म्हणजे आपल्याला धड खाली पोचायलाच हवं," मीहनदोख्तखानम काठीचा आधार घेत उठल्या. "दोघांना धरायचंय."

दोघी उतारावर आडव्या आडव्या सरकत निघाल्या. एक पडली की दुसरी थांबायची. होदा टाचा बाहेर ढकलत होती ती जणू अतूसाच्या तोंडावर. नाक गळत होतं. पण खालच्या रुंद उतारावर टाचांचा जोर लागला, वेग कमी झाला आणि ती वळली. परत वळली. पायांखाली बर्फ मऊ करकरला, ऊर भरून आला. आणि मग तिला आणखीच संताप आला. इतकी सुंदर गोष्ट, आणि ती आपल्या वाट्याला अशी यावी!

हॉटेलात अतूसा तिला बघून टाळ्या वाजवायला लागली. "बघ, आलीस ना? शिकलीस ना?"

"शिकले. पण तू शिकवलं नाहीस."

"अगं, गंमत केली!"

"थर्मो शिकवताना अर्ध्या गणितात तुला सोडून मी चहा प्यायला गेले होते का? सांग ना. माझे पाय लटपटत होते वर. आणि तू खात खात बोलत होतीस माझ्याशी."

आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे थांबले. अतूसा लाल झाली. बेहराद पुटपुटला, "आबादानी लोक फारच मनाला लावून घेतात बुवा."

होदाने हात पुढे केला. "व्हिडिओ काढून टाक. माझ्यासमोर."

"वेडी आहेस का?"

"हो. काढ."

तिचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने काढला.

परतताना ती मीहनदोख्तखानमच्या गाडीत बसली. जमशीदखानांनी गाणं लावलं, बाईंनी बंद केलं. नवऱ्याने "थंडी वाजतेय का?" विचारलं, बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. तेहरानचे दिवे दिसेपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. होदाला इतकं बरं दिवसभरात कुठेच वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अतूसा केक घेऊन होस्टेलच्या दारात आली. "माझं चुकलं, पण तूही चारचौघांत..." होदाने तिला मधेच थांबवलं. "राग गेलेला नाही. जाईल तेव्हा सांगेन." केक तिने घेतला नाही.

विद्यापीठाच्या नवशिक्यांच्या स्की-वर्गात मात्र तिने नाव घातलं. तिथली मास्तरीण कडक होती, ओरडायची, पण शेवटची मुलगी खाली येईपर्यंत उतारावरून हलायची नाही. होदाने आईला फोनवर हे सगळं सांगितलं.

"अजून पडतेस का गं?" आईने विचारलं.

"रोज पडते."

"मग सोड ना ते."

"नाही सोडणार."

"आणि त्या मुलीशी बोललीस?"

"नाही."

"बोलूही नकोस," आई म्हणाली.