उजव्या कोपऱ्याची घडी

प्रिंटरचा दिवा पुन्हा लाल झाला आणि तेजल खुर्चीतून उठली. अंधेरीच्या त्या कस्टम क्लिअरिंगच्या कार्यालयात सगळ्या संगणकांना मिळून तेवढे एकच यंत्र होते आणि त्याची जबाबदारी तिच्याकडे होती. दसरा उलटल्यापासून त्यात रोज कागद अडकत होता. तिला नोकरीत कायम करायचे की नाही, हे मालक देवव्रत सर आज संध्याकाळी ठरवणार होते. त्यातच खाली एक टेम्पो कागदपत्रांसाठी खोळंबला होता.

"रीम उघडी टाकतेस, कागद दमट होतो," तिचा सहकारी नितेश जागेवरूनच म्हणाला. "सरांनाही तेच सांगितलंय मी."

"सांगितलंस? झकास."

"मग काय, खोटं बोलू? तुझा हात लागला की मशीन रुसतं यार."

तेजल प्रिंटरकडे वळली. नवी रीम फोडून झाली होती, रोलर पुसून झाले होते, संगणकातला प्रिंटरचा ड्रायव्हरही नव्याने टाकून झाला होता; गुण कशानेच आला नव्हता. या वेळी तिने अडकलेले कागद फेकले नाहीत, टेबलावर शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकाचा उजवा कोपरा सारखाच दुमडला होता आणि पुढची बाजू मात्र पूर्ण छापलेली होती. म्हणजे कागद पहिल्या फेरीत सुखरूप येत होता. पाठची बाजू छापायला यंत्र त्याला पुन्हा आत ओढी, तेव्हाच तो अडत होता.

टेम्पोची कागदपत्रे तिने एकाच बाजूने छापली. एकही पान अडले नाही. नितेश ती घेऊन खाली धावला.

मग तिने यंत्र बंद केले, बाजूचे दार उघडले आणि मोबाइलचा उजेड आत धरला. उजव्या कडेच्या खाचेत काही दाणे रुतले होते. कुंकवाने लाल झालेले तांदूळ.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा सरांनीच केली होती आणि सफाईसाठी उघडलेले हे दार तेव्हा तसेच राहिले होते. तेजलच्या बौद्ध घरात ती रीत नव्हती; ती मागे उभी राहिली होती आणि ते सगळ्यांनी पाहिले होते. दाणे गुपचूप टाकून दिले तर यंत्र चालेल, पण दोष तिच्याच माथी राहील. सांगितले तर म्हणतील, हिला पूजाच खुपत होती.

दाणे काढून मुठीत घेऊन ती सरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली.

"सर, हे प्रिंटरमध्ये सापडलं."

देवव्रत सरांनी चष्मा वर केला. "तांदूळ?"

"अक्षता. पूजेच्या वेळी बाजूचं दार उघडं होतं. कागद दमट नव्हता."

"कुणाला दाखवलंस?"

"आधी तुम्हालाच."

"पूजा तर मी केली होती."

"हो सर."

सर बाहेर आले आणि एक जाडजूड फाइल त्यांनी स्वतः दोन्ही बाजूंनी छापायला लावली. तेजल प्रत्येक पानाचा उजवा कोपरा पाहत राहिली. फाइल संपली. दिवा हिरवाच होता.

"पुढच्या खंडेनवमीला आधी झाकणं लावून घे," सर म्हणाले.

"म्हणजे तेव्हा मी इथे आहे?"

सरांनी वर आलेल्या नितेशकडे पाहिले. "हिला कायम केल्याचं पत्र टाइप कर. आणि प्रिंटरचं खापर तिच्यावर फोडू नकोस."

"आधी सांगायचंस ना गं," सर आत गेल्यावर नितेश पुटपुटला.

"टाइप कर," तेजल म्हणाली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. सही होईपर्यंत ती बसणार नव्हती.