ओटीतला कापूस

गेल्या वर्षी आईची वाचा गेली, माणसं ओळखणंही गेलं. राहिली एकच हालचाल. कमरेत वाकायची आणि मूठ पोटाशी न्यायची, पुन्हा पुन्हा. मी नाच बसवणारी. शरीर वाचता येतं, याचा मला भारी माज. मी ठरवूनच टाकलं, हा कापूस आहे. गंगापूरच्या शेतांत तिनं वीस वर्षं कापूस वेचून कमरेच्या ओटीत भरला होता. डोकं विसरलं, हात विसरले नाहीत.

पुंडलिकनगरच्या घरात मी तिच्यासमोर उभी राहून तिच्यासारखीच वाकायचे. वाटायचं, तेवढ्यापुरती तरी ती मला भेटते. त्यातूनच नाच बसवला. उस्मानपुऱ्यातल्या प्रयोगाला लोक रडले.

मावशी आधीच म्हणाली होती, "सुलेखा, तिला दवाखान्यात दाखव. लई वाळलीय ती."

मी म्हणाले, प्रयोग झाल्यावर.

काल डॉक्टरांनी आईच्या पोटातली गाठ दाखवली. ती आता काढता येणार नव्हती.

"पोट असं कधीपासून धरतात?" त्यांनी विचारलं.

तारीख मला पाठ होती. त्याच दिवशी मी तालीम सुरू केली होती.