एकच हाक

मिठागराच्या बांधावर दयाराम डोकं फुटून मेला त्याला चार दिवस झाले होते, आणि गावानं मनातल्या मनात अंबाजीला फाशीही देऊन टाकली होती. आदल्या आठवड्यात दोघांची पाण्यावरून हमरीतुमरी झाली होती. गावाला तेवढं पुरतं. फौजदारानं अंबाजीला पेणला नेऊन कोठडीत घातलं.

दयारामचा धाकटा भाऊ येसाजी ओट्यावर बसून होता. बसऱ्याच्या लढाईत त्याचा डावा हात गेला, तेव्हा इंग्रज सरकारनं एक बिल्ला देऊन त्याला घरी धाडलं. लढाई मात्र डोक्यातून गेली नाही. दाट धुकं पडलं की बांधाचा खंदक व्हायचा. त्या सकाळी तो राखणीला होता. धुक्यातून कुणी आलं, त्यानं "कोन हाय?" म्हणून हाक दिली. उत्तर आलं नाही. भानावर आला तेव्हा तो खाडीत फावडं धूत होता.

हाकेला ओ न देणारा तो शत्रू, हे बसऱ्यानं त्याच्या हाडात भिनवलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, तसा तो याच गोष्टीला धरून होता. दादा असता तर त्यानं ओ दिली नसती का? म्हणजे तो दादा नव्हताच. दादाला अंबाजीनं मारलं.

दयारामची बायको कमळ दारात येऊन बसली.

"माजंच चुकलं, भावजी. तुमची भाकर घेऊन ह्ये निघालं, तवा मीच बजावलं. धुकं हाय, भूत एकदाच हाक मारतं. तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नका."

येसाजी ओट्यावरून उठला.

"वैनी, हाक मी मारली," तो म्हणाला. "एकच मारली. अन् फावडं घातलं."

कमळ दाराला धरून उभी राहिली. रडली नाही.

"पेनला जाऊन सांगतो," तो म्हणाला. "पन माजं डोकं लबाड झालंय. वाटंत पुन्ना वाटंल, त्यो दादा नव्हताच. मी माघारी फिरन अन् अंबाजी फुकट लटकंल. तुमी संगं चला. मी थांबलो की कोनाला मारला त्ये सांगा."

उखाण्याखेरीज कमळनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. पेणच्या ठाण्यापर्यंत तिनं ते अकरा वेळा घेतलं.