वाळूची तास्का

पाळण्यात बसले की मला झोप लागायची. आमच्या गावात साइडकारला पाळणाच म्हणतात, आणि माझ्यापुरतं ते नाव अगदी खरं होतं. नित्सा नदीवरचा पूल गेला, बर्चची झाडं मागे पडली, की दोन्ही बाजूचं गवत थेट कानाशी यायचं. पायाखाली उबदार पत्रा, क्लोव्हरच्या फुलांचा वास, आणि डावीकडे वर, अर्धवट झोपेत दिसणारी माझ्या नवऱ्याची, अर्सेनची हनुवटी. लांब कुरणावर पोचलो तरी तो मला उठवायचा नाही. मी जागी व्हायचे तेव्हा गवताच्या दोन रांगा कापून झालेल्या असायच्या आणि मोटरसायकलच्या टाकीवर फुलपाखरं बसलेली असायची. याहून मोठं सुख मी कधी मागितलंच नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी अर्सेनची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. बर्फ वितळलं, नदी मोकळी झाली, हा आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी त्याला काखेत धरून उचलायची, खुर्चीत बसवायची, न्हाणीघरात न्यायची. दवाखान्यातली रिम्मा नर्स एकदा मला ओट्यावर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मात्वेयेव्ना, या उन्हाळ्यात बाहेर पडला तर पडला. नाहीतर मग भिंतच त्याची."

आमचा उन्हाळा तो केवढा! पॉपलरचा कापूस उडायला लागला म्हणेपर्यंत पानं पिवळी. मी घरात गेले आणि अर्सेनला म्हटलं, "गवत कापायला आलंय. लांब कुरणावर जाऊ. तू पाळण्यात बस, मी चालवते."

त्याने मान वळवली. "बटाट्याचं पोतं समजलीस मला?" एवढं म्हणाला, आणि परत भिंत.

बरं बाबा, म्हटलं. तू हट्टी तर मी काय लोण्याची आहे?

शेजारच्या क्लिमला हाक मारली. क्लिम अर्सेनचा शाळेपासूनचा दोस्त. तोंडाने फाटका, पण हाताला गुण आहे. त्याने मला मोटरसायकलवर बसवलं, गियर दाखवले, आणि रिकामा पाळणा घेऊन मी गावच्या रस्त्याला लागले. लागले म्हणजे काय, गाडीच मला घेऊन निघाली. मी सरळ बघतेय आणि ती डावीकडे ओढतेय. मी हँडल उजवीकडे दाबते, तर पाळण्याचं चाक जमिनीवरून उचलतं आणि मी घाबरून हँडल परत डावीकडे करते.

"अगं, कुठं चाललीस?" क्लिम मागून धावत ओरडला.

"मी नाही चालले, ही चाललीय!"

रस्त्यातली बदकं ओरडत पांगली आणि मी क्लिमच्याच कुंपणात जाऊन थांबले. त्याची बायको खिडकीतून हसून हसून वाकली. मेली.

मग आमचा शोध सुरू झाला. क्लिमने टायरांत हवा बघितली, ठीक. चाकं उचलून फिरवली, बेअरिंग ठीक, ब्रेक कुठे घासत नव्हता. मग दोन सरळ फळ्या आणल्या. एक पाळण्याच्या चाकाला टेकवली, दुसरी मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना. फळ्यांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे बोटभर कमी हवं, तेवढंच होतं. मोटरसायकल पाळण्यापासून थोडी पलीकडे झुकलेली हवी, तशी होती. जरा जास्तच होती, पण क्लिम पाळणा गाडीला जोडणाऱ्या दांड्यांना हात लावायला तयार होईना.

"हे सगळं अर्सेनच्या हातचं आहे," तो म्हणाला. "चूक सापडत नाही म्हणजे चूक चालवणारीत आहे."

"चूक तुझ्या तोंडात आहे. आधी ते आवळ."

दोन-तीन दिवस असेच गेले. मी गाडी काढायची, ती डावीकडे ओढायची, आणि आत तो भिंतीशी. मला स्वप्नातसुद्धा तो रस्ता दिसायचा, पांढरा, मऊ, आणि मी त्याच्यावरून सारखी डावीकडे घरंगळतेय. फार रडू यायचं. पण रडून गाडी सरळ होते थोडीच.

शेवटी शेडमध्ये मोठा पाना शोधताना जुन्या जाळ्याखाली एक ताडपत्रीची पिशवी हाताला लागली. जाडजूड, वाळूने गच्च भरलेली, वर पट्टे शिवलेले. मला जागची हलेना. पट्ट्यावर रंगाने लिहिलं होतं, तास्का. अर्सेन मला तास्का म्हणतो.

क्लिम ती बघून मटकन खालीच बसला. "हात् तिच्या! ही तर तूच की! विसरलोच मी!"

"मी म्हणजे?"

"अगं, पाळण्यात तू बसायचीस ना? त्याने सगळ्या दांड्या तुझ्या वजनाला बसवल्यात. तू आत असलीस की गाडी सुतासारखी सरळ. मग एकटा निघाला की बिचारा ही पिशवी घालायचा. आम्ही म्हणायचो, बाबा रे, रिकाम्या पाळण्याला जमव ना गाडी. तर म्हणायचा, पाळणा रिकामा ठेवायचाय कुणाला? दरवर्षी बटाटे काढून झाले की एक फावडं वाळू वाढवायचा त्यात."

"वाढवायचा का?"

क्लिमने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

म्हणजे अख्ख्या गावातल्या पुरुषांना माझं वजन ठाऊक! मला इतका राग आला, आणि त्या रागातच मला त्या मेल्या अर्सेनवर इतकं प्रेम आलं की मी पिशवीवर थापड मारली आणि तिलाच मिठी मारली.

आम्ही दोघांनी मिळून मला, म्हणजे त्या पिशवीला, पाळण्यात चढवलं. गाडी सरळ गेली. मी आनंदाने ओरडलेच. पण क्लिम डोकं खाजवत म्हणाला, "यात तू बसणार नाहीस, मात्वेयेव्ना. अर्सेन बसणार आहे. दांड्या त्याच्या वजनाला बसवायच्या, म्हणजे आधी वाळू काढावी लागेल."

"किती?"

"ते मला काय माहीत? रोज उचलतेस तू त्याला."

खरंच होतं. माझ्या हातांना माहीत होतं. मी पिशवीचं तोंड सोडलं आणि वाळू काढायला लागले. एक फावडं काढायचं, काखेत धरायचं तशी पिशवी धरायची, उचलून बघायची. नाही, अजून जड. आणखी एक फावडं. अंगणात वाळूचा ढीग झाला, पिशवी मध्येच वाकली, आणि मग एकदा उचलली तर हातांनी सांगितलं, हाच. एवढाच राहिलाय अर्सेन. ज्या माणसाने मला कडेवर घेऊन नदी ओलांडली होती, तो मी सहज उचलून पाळण्यात ठेवला. मी तिथेच, क्लिमसमोर, हुंदके देऊन रडले.

क्लिमने मला गाडीवर बसवलं, वरच्या दांड्यांचे बोल्ट काढले, फिरवून आखूड केल्या, फळ्या लावून परत बघितलं, आणि मी एक चक्कर मारून आले तर गाडी सरळ. तेवढ्यात खिडकीची काच वाजली. अर्सेन! खुर्ची खिडकीपाशी ओढून कधीचा आमच्याकडे बघत होता, देव जाणे. डाव्या हातातला चमचा काचेवर आपटत होता.

मी आत धावले. "काय हवंय?"

"ते काय?" त्याने बोट दाखवलं.

"ते तू."

"मी?" त्याचा चेहरा लाल झाला. "एवढासा? भर अजून."

"कशाला भरू? रोज उचलते, मला कळत नाही?"

"काही कळत नाही तुला! भर!"

"मग ये आणि बसून दाखव," मी म्हटलं. "बसतोस?"

इतक्या महिन्यांत मी त्याला असा चिडलेला पाहिला नव्हता. क्लिमने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या, आणि शिव्या देत, धापा टाकत तो पाळण्यात बसला. गुडघ्यांवर चादर टाकली तर ती फेकून दिली. "चालव," म्हणाला. मी कोबी भरून भाजलेलं पिरोग आणि पावाच्या आंबट क्वासची बाटली त्याच्या पायाशी ठेवली आणि निघाले.

पुलापलीकडे राय धान्याच्या शेतांमधून सरळसोट रस्ता आहे. आमच्याकडे पाळणा बसवला की तो तिथेच तपासतात. एक श्वासभर हँडल सोडून द्यायचं आणि बघायचं. संध्याकाळचं ऊन आडवं पडलं होतं, शेतांवरून धुरासारखं काहीतरी तरंगत होतं, आणि सगळं जग इतकं हळू चाललं होतं की मला वाटलं मीच पाळण्यात झोपलेय आणि हे स्वप्न आहे. मी हात सोडले.

गाडी उजवीकडे गेली. थोडीशीच, पण गेली. पाळण्याकडे.

मी गाडी थांबवली. पिशवीने सरळ जात होती, आणि याने उजवीकडे. म्हणजे हा जड होता. माझ्या हातांना ठाऊक होता त्यापेक्षा कितीतरी जड.

"म्हटलं होतं," अर्सेन म्हणाला.

"पण रोज उचलते ना मी तुला! मग?"

त्याने तोंड शेतांकडे फिरवलं. म्हणाला, "पाय लावतो. डावा."

"काय?"

"तू उचलतेस तेव्हा. खालून जोर देतो. तुझी कंबर जाईल म्हणून."

"कधीपासून?"

"नदी मोकळी झाली तेव्हापासून."

इतके दिवस मला वाटत होतं हा सुटत चाललाय माझ्या हातातून. आणि हा गाढव रोज भिंतीकडे तोंड करून, माझ्या नकळत, उभा राहत होता! मला हसावं की रडावं कळेना. मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढून त्याच टोपीने त्याला झोडपलं.

"पुरे," तो म्हणाला. "पाना काढ. वरची दांडी. लांब कर. अर्धा फेरा." मी रस्त्यात गुडघ्यांवर बसून बोल्ट काढला, दांडी अर्धा फेरा फिरवली, बोल्ट घातला. तो डाव्या हाताने खुणा करत होता आणि एकदासुद्धा शाबास म्हणाला नाही, अगदी पूर्वीसारखाच.

पुन्हा कुरणाकडे निघालो. मी हात सोडले. गाडी सरळ गेली, अगदी सरळ, एक श्वास, दुसरा श्वास.

"घरी गेलो की पिशवी भर," तो खालून म्हणाला. त्याची जीभ आता झोपेने जड होत होती.

"कशाला आता?"

"पुढल्या उन्हाळ्यात मी चालवणार. तू नसलीस की लागेल." मग डोळे मिटता मिटता म्हणाला, "एक फावडं जास्त घाल."

"मेल्या!" मी म्हटलं, पण त्याला ऐकू गेलं नाही. कुरणावर पोचलो तेव्हा त्याची हनुवटी छातीवर टेकली होती. मी इंजिन बंद केलं, लांब दांड्याचा विळा सोडवला, आणि त्याला न उठवता पहिली रांग कापायला घेतली.